स्फोट नसलेला इंज्युरी रिपोर्ट

मी माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे दावे चालवते. अशा दाव्यांत शौर्याच्या हकिगती सांगाव्या लागत असतील असे बाहेरच्यांना वाटते, पण बहुतेक दावे कागदावरच्या एका रकान्यासाठी लढले जातात. इजा सेवेमुळे झाली एवढेच मान्य झाले तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. ती शत्रूच्या कारवाईत झाली अशी नोंद असेल तर वॉर इंज्युरी पेन्शन मिळते आणि तिच्यातला जखमेचा हिस्सा साधारण दुप्पट असतो. नुकताच निकाली निघालेला लष्करातून नाईक या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा दावा याच रकान्याचा होता. निकाल आमच्या बाजूने लागला, तरीही तो माझ्या डोक्यातून जात नाही.

हे गृहस्थ मूळचे सातारा जिल्ह्यातले, आता विक्रोळीला राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी मुलुंडच्या एका गृहनिर्माण संस्थेत सुरक्षारक्षकाची नोकरी केली. १९८९ साली ते श्रीलंकेत भारतीय शांतिसेनेत होते. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, तेव्हा आपल्या फौजेचे काम तमिळ वाघांची, म्हणजे एलटीटीई या सशस्त्र संघटनेची, शस्त्रे जमा करून घेण्याचे होते. ऑक्टोबरमध्ये ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले आणि त्याच वाघांशी जाफन्याच्या गल्ल्यांत लढाई जुंपली. सिंहली जनतेला आपली फौज पहिल्यापासून नको होती, तमिळ जनतेलाही ती नकोशी झाली, तमिळनाडूत संताप होता आणि उरलेल्या देशाला आपले जवान तिथे का मरत आहेत हे कोणी नीट सांगितलेच नाही. सुमारे बाराशे जवान गेले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, ते याच मोहिमेतले. पुढे अध्यक्ष प्रेमदासांनी फौज परत न्या असा तगादा लावला, दिल्लीत व्ही. पी. सिंग यांचे सरकार आले आणि २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला परतलेल्या फौजेच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत. आमचे नाईक त्या शेवटच्या दिवसांतच परतले.

त्याआधी वर्षभर, वावुनियाच्या उत्तरेला त्यांच्या ताफ्यातील ट्रक सुरुंगावर गेला होता. ट्रक उलटला, मांडी आणि कंबर जायबंदी झाली, ते मद्रासच्या लष्करी रुग्णालयात राहिले आणि बरे होऊन पुन्हा पलटणीत रुजू झाले. इजा कशी झाली याची नोंद करणाऱ्या इंज्युरी रिपोर्टवर मात्र कोणीतरी ‘सरकारी वाहन उलटून इजा’ एवढेच लिहिले. सुरुंग नाही, मोहिमेचे नाव नाही. १९९९ साली ते निवृत्त झाले तेव्हा मेडिकल बोर्डाने तीस टक्के अपंगत्व ठरवले, पेन्शन विभागाने तो अहवाल पाहिला आणि अपघात धरून साधी अपंगत्वाची पेन्शन बांधून दिली. नंतरच्या प्रत्येक अर्जाला संबंधित कार्यालयाने तेच एका ओळीचे उत्तर पाठवले. उत्तर लिहिणाऱ्यांपैकी एकानेही मूळ फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली नव्हती, असे मी जबाबदारीने म्हणते.

ती मी वाचली. बोर्डाच्या कागदांची झेरॉक्स इतकी पुसट होती की खिडकीशी धरून, भिंगाखाली एकेक अक्षर लावावे लागले. शस्त्रक्रिया-तज्ज्ञाच्या मताच्या रकान्यात, सहीच्या वर अर्धी ओळ होती: डाव्या मांडीत धातूचे तुकडे, काढलेले नाहीत. ट्रक उलटल्याने हाड मोडते, स्नायू फाटतो, पण मांडीत खोलवर विखुरलेले बारीक तुकडे तसे जात नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना एका सरकारी रुग्णालयात एक्स-रेसाठी पाठवले. फिल्मवर ते तुकडे इतक्या वर्षांनंतरही स्वच्छ दिसत होते. अस्थिरोगतज्ज्ञांनी लेखी मत दिले, त्याच ताफ्यातील एका हवालदारांचे प्रतिज्ञापत्र मिळाले आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणात दावा उभा राहिला.

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकिलांनी एक्स-रेवर फारसा वाद घातला नाही. त्यांचा सगळा भर विलंबावर होता: पेन्शन १९९९ पासून घेत आहेत, मग इतकी वर्षे न्यायाधिकरणात का आले नाहीत? अशा दाव्यांत अर्जदाराला सहसा बोलावे लागत नाही, पण सदस्यांनी थेट त्यांनाच विचारले. ते सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, परत आलो तेव्हा गावात लोक विचारायचे, तिकडं कशाला गेला होता? त्याचंच उत्तर माझ्याकडं नव्हतं, मग जखमेचं कोणापुढं मांडणार?”

त्याच दिवशी आदेश झाला. वॉर इंज्युरी पेन्शन मंजूर, टक्केवारी नियमाप्रमाणे तीसवरून पन्नास धरायची, थकबाकी मात्र दावा दाखल केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची. उशिरा आलेल्या दाव्यात तीनच वर्षांची थकबाकी द्यायची, या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालामुळे न्यायाधिकरणाचे हात बांधलेले होते, हे मला मान्य आहे. पण त्या नियमाच्या मुळाशी असे गृहीत आहे की माणूस गप्प राहिला तर तो त्याचा हलगर्जीपणा. या मोहिमेच्या बाबतीत ते गृहीत मला पटत नाही, कारण इथे आधी देशच गप्प बसला होता. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाल्यावर तर शांतिसेनेचा विषय काढणेही लोकांना नकोसे झाले. राज्यकर्त्यांनी आपला धडा घेतला. २००३ साली अमेरिकेने इराकसाठी फौज मागितली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय जवान पाठवायचे नाहीत, असे वाजपेयी सरकारने ठरवले, आणि त्या सावधपणामागे श्रीलंकेची आठवण होती असे मी मानते. या जवानांसाठी कोलंबोजवळ श्रीलंकेने स्मारक बांधले, तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायचे होते. ते २०१९ साली झाले. एवढ्या काळात कोणत्याही कार्यालयाने या मोहिमेतल्या जखमींचे इंज्युरी रिपोर्ट स्वतःहून तपासून दुरुस्त केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. चूक नोंदणाऱ्याची, विलंब मात्र जखमीच्या नावावर.

निकालानंतर त्या हवालदारांनी ट्रकच्या चालकाच्या पत्नीला माझ्याकडे पाठवले. चालक तेव्हा वाचला होता, पण काही वर्षांपूर्वी वारला, आणि त्याच्या कागदांत इंज्युरी रिपोर्टच नाही. त्यांचा अर्ज मी लिहायला घेतला आहे, आणि या वेळी थकबाकीचा मुद्दा मी पहिल्या परिच्छेदातच मांडणार आहे.