ठराव झाला, मग गटार कुठंय?

नगरपरिषदेच्या सभा विभागात नोकरी केल्याचा एक तोटा म्हणजे निवृत्तीनंतरही लोक सोडत नाहीत. लग्नाची पंगत असो की बँकेची रांग, ओळख निघाली की प्रश्न ठरलेला: "आमच्या गल्लीतल्या गटारीचा ठराव झालाय म्हणे, मग काम का होत नाही?" याच प्रश्नाचा एक धाकटा भाऊ आहे, तो जास्त खवचट: "पुढच्या चौकात धडधाकट रस्ता उखडून नवा करताय, आणि आमच्याकडचा खड्डा बुजवायला तुमच्याकडं पैसे नाहीत?"

बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. खाल्ले असतील पैसे. टक्केवारी नसते असं मी म्हणणार नाही, एवढा मी भाबडा नाही आणि तुम्हीही नाही. पण टक्केवारी उद्या सकाळी बंद झाली तरी तुमचा खड्डा तिथंच राहील. तो का, हे आज जरा सविस्तर सांगतो.

आधी ठराव म्हणजे काय ते बघू. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा व्हावी आणि तिची नोटीस पूर्ण सात दिवस आधी सदस्यांच्या हाती पडावी, असं १९६५ चा नगरपरिषद अधिनियम सांगतो. त्यामुळे सभेचं खरं टेन्शन सभेच्या आधीच्या आठवड्यात असतं. शिपाई विषयपत्रिका आणि पोच वही घेऊन घरोघर फिरतो. नगरसेवक घरी नसले तर घरातल्या जाणत्या माणसाची सही. दाराला कुलूप असलं तर दोन पंच उभे करून नोटीस दारावर डकवायची आणि तसा पंचनामा करायचा. यात एक दिवस जरी कमी पडला, तरी विरोधी गट जिल्हाधिकाऱ्यांकडं धाव घेणार हे नक्की. कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि हे कलम पहिलटकर नगरसेवकालासुद्धा पाठ असतं. बाकी अधिनियम वाचला नसला तरी.

सभेत पहिला विषय कायम एकच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. लोकांना हा निव्वळ उपचार वाटतो, पण मुरलेले नगरसेवक तिथंच कान टवकारून बसतात. मागच्या वेळी तोंडी झालेलं भांडण कागदावर कसं उतरलंय, आपला विरोध नोंदवलाय की 'सर्वानुमते' म्हणून गिळलाय, हे तिथंच कळतं. पुढचे विषय मात्र पटापट जातात. वाचक विषय वाचतो, समोरून "मंजूर, मंजूर" येतं, की पुढचा. खरा दंगा शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीनं येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांवर. कारण ते विषयपत्रिकेत नसतात आणि म्हणूनच ते आणलेले असतात.

तुमच्या गटारीचा ठराव साधारण असा असतो: "विषय क्र. १४. प्रभाग क्र. ६ मधील अंतर्गत गटार बांधकाम करणेबाबत. सदर कामाची निकड पाहता काम करण्यास व त्यासाठी येणाऱ्या खर्चास निधी उपलब्धतेनुसार ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक." नगरसेवक संध्याकाळी गल्लीत येऊन सांगतात, मंजुरी मिळाली. खोटं नाही ते. पण त्याच ओळीतलं 'निधी उपलब्धतेनुसार' लेखापालानं वाचलेलं असतं, आणि फाईल त्याच्या टेबलावर आल्यावर तो तेवढंच बघतो.

पुढचा प्रवास थोडक्यात: अभियंता त्या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक करणार. रक्कम मोठी असेल तर तांत्रिक मान्यतेला ते बांधकाम खात्याकडं, पाण्याचं काम असेल तर जीवन प्राधिकरणाकडं जाणार. मग प्रशासकीय मान्यता, निविदा, निविदेला प्रतिसाद न आल्यास फेरनिविदा, दर मंजुरी, करारनामा, कार्यारंभ आदेश. मध्ये कुठलीही निवडणूक लागली की आचारसंहिता. लोकसभा, विधानसभा, काहीही चालतं. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिका, मग बिल. हा सगळा प्रवास कंटाळवाणा आहे, पण निधी असला की तो होतो. ३१ मार्च तोंडावर आला की याच फायली कशा पळतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे अडचण प्रवासात नाही.

अडचण पैशांत आहे. आणि पैसे 'कमी' आहेत एवढ्यानं ती समजत नाही. पैसे कुणाचे आहेत, ते बघावं लागतं.

पूर्वी नगरपरिषदेची जकात असायची. गावाच्या वेशीवर नाका, नाक्यावर पावती पुस्तक, रोजच्या रोज रोकड. त्या नाक्यांवर काय काय चालायचं तो वेगळा विषय आहे. पण पैसा गावचा होता आणि कशाला वापरायचा ते गाव ठरवायचं. १९९९ मध्ये राज्यानं नगरपरिषदांची जकात बंद केली आणि बदल्यात अनुदान सुरू केलं. आज सहायक अनुदान म्हणतात ते हेच. ते येतं आणि मुख्यतः पगारात जातं. एखादा महिना उशिरा आलं तर सफाई कामगारांचे पगार थकतात, आणि मग कचऱ्याचं काय होतं ते तुम्ही बघताच.

दुसरा पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी आमच्यासारख्या लहान शहरांच्या निधीला खुंट्या ठोकून दिल्या: ३० टक्के पिण्याच्या पाण्याला, ३० टक्के स्वच्छता आणि घनकचऱ्याला, उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेले, पण त्यातूनही पगार करायचे नाहीत. त्या अबंधित ४० टक्क्यांवर सगळ्या प्रभागांची नजर.

तिसरा पैसा योजनांचा. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, नागरी वस्ती सुधार, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा निधी. हा सगळ्यात मोठा, आणि याला एक ठाम आवड आहे. त्याला नवं काम लागतं. नवा रस्ता, नवी गटार, सभागृह, उद्यान, स्वागत कमान. नारळ फोडता येतो, कोनशिला बसते, आमदारांचं नाव लागतं. 'गटारीवरचे तुटलेले ढापे बदलणे' या कामाला कुणी कोनशिला बसवलेली मी तरी पाहिलेली नाही.

चौथा पैसा तेवढा आपला स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार वसुली. खड्डा, ढापा, बंद पथदिवा, फुटलेला व्हॉल्व्ह, चोक झालेली गटार, हे सगळं मुख्यतः यातून करायचं. आणि त्याआधी यातूनच पाणी उपशाचं वीजबिल, तुरटी, ब्लीचिंग, घंटागाड्यांचं डिझेल. पाणीपट्टीतून उपशाचा खर्च पुरा निघतोय अशी नगरपरिषद माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे घरपट्टीतले काही पैसे आधीच नळातून वाहून गेलेले असतात.

आता पुढच्या चौकातल्या धडधाकट रस्त्याचं कोडं सुटतं का बघा. त्या रस्त्याला योजनेतून निधी आला, तो त्याच कामाला वापरायचा आणि मुदतीत वापरायचा, नाहीतर परत. तुमच्या खड्ड्याला त्यातला एक रुपया वळवता येत नाही, वळवला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि निवृत्त झालेल्या माणसालाही खुलासा मागतात. मी एका ठिकाणी असं बघितलंय की गटारीचे पाच-सहा ढापे फुटले होते. बायाबापड्या, शाळेची पोरं त्यात पडायची. अभियंत्याला सगळं दिसत होतं, पण दुरुस्तीच्या लेखाशीर्षात, म्हणजे हिशोबातल्या त्या खर्चाच्या खात्यात, पैसे नव्हते. शेवटी नगरसेवकांनी वरून निधी आणला, अख्खी गटार तोडली आणि नवी बांधली. ढाप्यांसकट. जुनी गटार अजून वीस वर्षं टिकली असती. यात कुणी चोरी केली असं म्हणता येत नाही, आणि शहाणपण केलं असंही म्हणता येत नाही.

नगरसेवकांमुळंच सगळं अडतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मधली काही वर्षं चांगली परीक्षा होती. २०२१-२२ पासून नगरपरिषदांच्या मुदती संपत गेल्या, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, आणि बहुतेक ठिकाणी मतदान झालं ते थेट २ डिसेंबर २०२५ ला. तोवर प्रशासक. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते, म्हणजे मुख्याधिकारी म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. सूचक नाही, अनुमोदक नाही, दंगा नाही, ऐनवेळचे विषय नाहीत. कामाच्या दृष्टीनं आमच्यासारख्या कारकुनांचा स्वर्ग. पण खड्डे कमी झाले का? तुम्हीच सांगा. फायली लवकर हलल्या, एवढंच. पैशांची गाठ होती तिथंच होती, आणि निदान शिव्या घालायला दारात नगरसेवक यायचा तोही बंद झाला.

मग ही गाठ सुटते कुठं? नगरपरिषदेच्या वार्षिक अंदाजपत्रकात. वर्षातून एकदा विशेष सभा होते, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते: अमुक कोटींचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर. शिलकी कायमच असतं. खर्च आधी मांडायचा, आणि मग जमेच्या बाजूला अपेक्षित अनुदानं आणि थकबाकीची वसुली जरा सढळ हातानं धरायची, की शिल्लक आपोआप दिसते. प्रत्यक्षात वसुली तेवढी होत नाही, अनुदान उशिरा येतं, आणि कात्री लागते ती दुरुस्तीला. कारण पगार थांबवता येत नाही आणि योजनेच्या निधीला हात लावता येत नाही.

अशाच एका सभेत एक नव्यानं निवडून आलेल्या ताई होत्या. महिलांच्या पन्नास टक्के आरक्षणातून आलेल्या. लोक त्यांना 'अमक्यांच्या मिसेस' म्हणूनच ओळखायचे, आणि ते अमके गॅलरीत बसून खुणा करायचे. अंदाजपत्रकाची छापील प्रत त्यांनी घरून वाचून आणली होती, हीच पहिली नवलाची गोष्ट. त्यांनी पान उघडून बोट ठेवलं आणि लेखापालांना विचारलं, "मागच्या वर्षी पथदिवे दुरुस्तीला एवढे धरले होते, खर्च झालेत निम्मे. दिवे तर बंद आहेत. मग उरलेले गेले कुठं?" लेखापालांनी सांगितलं, "ताई, ते उरले नाहीत, आलेच नाहीत." सभागृह हसलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "यायचे कुठून होते?" यावर कुणी हसलं नाही, कारण उत्तर होतं घरपट्टीची थकबाकी, आणि थकबाकीदारांच्या यादीत कोण कोण आहे हे सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तर विषय घरपट्टीवर येतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. हिशोब सोपा: घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य. वर्षाचं भाडं २४,००० रुपये धरलं तर करयोग्य मूल्य २१,६०० आणि त्यावर ठरलेल्या दरानं कर. पण नोटिसा निघाल्या की गावात आग लागते. हरकतींच्या सुनावणीला मी बसलेलो आहे. दोन मजले चढवलेला माणूस शपथेवर सांगतो की वर कुणी राहत नाही, नुसतं अडगळीचं सामान आहे. खाली त्याचाच भाडेकरू स्वतःच्या हरकतीसाठी रांगेत उभा असतो. मग मोर्चा, निवेदन, आणि वाढीला स्थगिती आणायला मुंबईच्या फेऱ्या. स्थगिती आणणाऱ्याचे फलक लागतात. त्याच फलकाखालच्या खड्ड्यासाठी तीच मंडळी पुढच्या महिन्यात निवेदन देतात.

"म्हणजे घरपट्टी वाढवा म्हणताय का?" हा पुढचा प्रश्नही ठरलेला आहे. हो, वाढवा म्हणतो, पण त्याच्याआधी दोन गोष्टी करा. एक, ज्यांच्या आकारणीत मजलेच धरलेले नाहीत ते धरा. नियमानं भरणाऱ्या माणसावर आणखी बोजा टाकण्याआधी न धरलेलं घर धरणं सोपं आहे आणि न्यायाचंही आहे. दोन, मोठ्या थकबाकीदारांपासून सुरुवात करा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, तरी मोठी माणसं ती कधीतरी माफ होईल या भरवशावर निवांत बसतात आणि भाजीवाली मावशी मात्र भीतीनं पहिल्याच महिन्यात भरून जाते. सरकारी कार्यालयांनाही सोडू नका. केंद्र सरकारच्या मालमत्तांना संविधानाच्या अनुच्छेद २८५ मुळे कर लागत नाही, पण सेवा शुल्क मागता येतं, ते मागायला पत्र तरी पाठवा.

आणि तुमच्या गटारीचं म्हणाल, तर नगरसेवकांना 'ठराव झाला का' असं विचारू नका, तो झालेला असतोच. ठरावाचा क्रमांक आणि तारीख घ्या, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून टाकलाय ते विचारा. सांगता आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तरात योजनेचं नाव आलं तर वाट बघा, काम होईल. 'निधी उपलब्धतेनुसार' आलं तर येत्या अंदाजपत्रकाच्या सभेआधी पुन्हा जा, सभा झाल्यावर नव्हे.