नट उलटाही बसतो, मॅडम

चाकणजवळच्या एका शीट मेटलच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. 2015 साली आमच्याकडे सायलेन्सर टांगायच्या ब्रॅकेटचं नवीन ड्रॉइंग आलं. पत्रा तोच, आकारही जवळजवळ तोच. फरक एवढाच की वेल्ड नट, म्हणजे पत्र्याला वेल्डिंगनं जोडायचा नट, बदलला होता. एपीक्यूपीची, म्हणजे पार्टच्या गुणवत्तेच्या आगाऊ नियोजनाची, फाइल माझ्याकडे आली.

या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगते. गाडीचा पार्ट बनायला लागण्याआधी, डाई (पत्र्याला आकार देणारा साचा) कापायच्याही आधी, कुठे काय चुकेल हे बसून लिहून काढायचं असतं. क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी 1994 मध्ये त्याची एकच पुस्तिका केली, म्हणून सप्लायरला तिघांचे तीन नियम सांभाळावे लागेनात. या सगळ्याचा जीव माझ्या मते पीएफएमईएमध्ये, म्हणजे संभाव्य चुकांच्या तक्त्यात, आहे. प्रत्येक ऑपरेशनला काय बिघडेल, ते किती गंभीर, किती वेळा होईल आणि आपल्या हाती लागेल का, याला 1 ते 10 गुण. तेव्हा तिन्हींचा गुणाकार करायचो. 2019 च्या नव्या एफएमईए पुस्तिकेनं तो गुणाकार काढला, फार बरं झालं.

कारण मी काय केलं? जुन्या ब्रॅकेटची शीट उघडली आणि पार्ट नंबर बदलला. ‘नट उलटा लागणे’ ही ओळ तिथे होतीच: 7, 2, 3. गुणाकार 42. आमच्याकडे शंभराच्या आतल्या ओळीकडे कुणी बघत नसे. पण ‘किती वेळा होईल’चा तो 2 जुन्या नटाचा होता. जुन्या नटाला एका बाजूला कॉलर होती, उलटा ठेवला की लांबूनही कळायचं. नवा नट चौकोनी, सपाट. एका बाजूला चार कोपऱ्यांत मोहरीएवढे उंचवटे. वेल्डिंगचा करंट त्या उंचवट्यांतून पत्र्यात जातो, ते वितळतात आणि नट धरतो. उंचवटे वर राहिले तर नट नुसता चिकटल्यासारखा दिसतो.

ट्रायलला सलग 300 पार्ट काढले. मशीनवर आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर काका, शेजारी मी. एकही उलटा नाही. भोकाच्या जागेचा सीपीके, म्हणजे माप मर्यादेत किती सातत्यानं राहतं त्याचा आकडा, 1.67 च्या वर, म्हणजे उत्तम. पीपीएपी, म्हणजे ग्राहकाकडची पार्टची मंजुरी, मिळाली.

दोन महिन्यांनी ग्राहकाच्या लाइनवर बोल्ट आवळताना नट सुटून आत फिरायला लागला. वरून बंद पेटी, पाना आत जात नाही. त्या रात्री आम्ही सहा जण ग्राहकाच्या गोदामात बॉक्स फोडून एकेक ब्रॅकेट टॉर्च मारून बघत होतो. पहाटेपर्यंत अकरा उलटे सापडले. सगळे रात्रपाळीचे.

सकाळी काकांना विचारलं. त्यांनी नट तळहातावर घेतला, डोळे मिटून अंगठ्यानं फिरवला. “नट उलटाही बसतो, मॅडम. हातमोजा घातला की ही टोकं लागतच नाहीत. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण मला विचारलं कुणी?”

हे वाक्य मला अजून टोचतं. मीटिंग वर ऑफिसात झाली होती. डिझाइन, टूलिंग, खरेदी, मी. नट रोज हातात धरणारा माणूस खाली.

पुढे इलेक्ट्रोडवर उंची मोजणारा सेन्सर बसवला. नट उलटा असला की मशीन करंटच सोडत नाही. हाच सेन्सर आधी मागितला असता तर मशीनच्या ऑर्डरमध्येच आला असता.

आता पीएफएमईएची पहिली बैठक मी मशीनशेजारीच घेते आणि रात्रपाळीचा एक ऑपरेटर हवाच, असं सांगते. गेल्या महिन्यात एका नव्या डाव्या-उजव्या जोडीची हातानं बनवलेली सॅम्पल आणली होती. काकांनी डावा ब्रॅकेट उजव्यावर ठेवला. एक भोक सोडलं तर तंतोतंत जुळला. आम्ही त्याच दिवशी ग्राहकाला फोटो पाठवले, उजव्याच्या कडेला एक खाच मागितली. आठ दिवसांत सुधारित ड्रॉइंग आलं, त्यानंतरच डाई कापायला दिली.