सुका कचरा कुणाचा?

परवा एका ओळखीच्या बाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की त्यांची सोसायटी आता एकदम ग्रीन झालीये. ओल्या कचऱ्याचं खत पार्किंगच्या मागे, गच्चीवर सोलर, आणि सुका कचरा एका अ‍ॅपवाल्यांना देतात, ते टेम्पो घेऊन येतात, वजन करतात आणि सोसायटीच्या खात्यात पैसे पण टाकतात. मी म्हटलं छान, मग रोज कचरा न्यायला यायच्या त्या ताई? तर म्हणे त्या येतात की अजून, उरलेलं नेतात.

उरलेलं म्हणजे काय ते जरा बघा हां. पुठ्ठा गेला, रद्दी गेली, बाटल्या गेल्या, पत्रा गेला. राहिलं काय, तर वेफर्सची पाकिटं, थर्मोकोल, डायपर, फुटकी काच आणि बेसिनमधले केस. म्हणजे विकलं जाईल ते सगळं टेम्पोत आणि ज्याला भंगारवाला हात लावणार नाही ते ताईंच्या ढकलगाडीत. आणि याला आपण पर्यावरणप्रेम म्हणायचं.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बाईची कमाई दोन ठिकाणाहून येते हे बऱ्याच पुणेकरांना अजून माहीत नाही. एक म्हणजे घरटी महिन्याची फी, जिच्यावरून प्रत्येक सोसायटीत एक तरी काका वाद घालतातच. आणि दुसरं भंगार. त्या वर्गवारी करतात, ते विकतात, त्यावर घर चालतं. भंगार काढून घेतलं की निम्मा पगार कापल्यासारखं आहे, फक्त कुणी पगार कापला असं म्हणत नाही इतकंच.

हा भंगाराचा हक्क काही कुणी खुशीनं दिलेला नाहीये. यातल्या कितीतरी बायकांची कुटुंबं 1972 च्या दुष्काळात गाव सोडून पुण्याला आली. बहुतेक दलित, जमीन नाही, शिक्षण नाही, शहरात मिळेल ते काम. मग कचऱ्याच्या पेट्यांमधून कागद, काच, पत्रा वेचायचा, डोक्यावर बोचकं, पोलिसांनी हटकायचं, चोरीचा आळ यायचा, कुत्री मागे लागायची. क्लायमेट मायग्रंट (हवामानामुळे गाव सोडावं लागलेले) वगैरे शब्द आत्ता आत्ता आलेत, या बायका पन्नास वर्षांपूर्वी ते जगून बसल्यात.

1990 च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने वगैरे मंडळी या बायकांबरोबर काम करायला लागली. साक्षरतेचे वर्ग घ्यायला गेल्या आणि लक्षात आलं की आधी प्रश्न कचऱ्याचा आहे, पेटीत मिसळलेला घाण कचरा उपसण्यापेक्षा घरातूनच वेगळा केलेला मिळाला तर कमाईही वाढते आणि हातही कमी कापतात. मग ओळखपत्रं दिली, काही भागात लोक दारातून सुका कचरा द्यायला लागले. हे बरं चाललेलं असताना एका उद्योजकानं गाडी लावून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली आणि बायकांचं भंगार गेलं. (अ‍ॅप नव्हतं तेव्हा, बाकी गोष्ट तीच.) बायकांनी विरोध केला. त्यातून, आणि बाबा आढावांसारखा हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी केलेला माणूस पाठीशी असल्यामुळे, 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची युनियन उभी राहिली. नावच बघा ना, रोज हातात येणारा मालच नावात.

पुढे महापालिकेनं ओळखपत्रांना मान्यता दिली, मेडिकल विमा आला, आणि त्याच युनियनमधून स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली, 2008 मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेणारी. आज तीन हजारांच्या वर सभासद आहेत, बहुतांश बायका. म्हणजे पेटीत वाकून वेचणारी बाई आता बेल वाजवून कचरा मागते, आणि द्यायला उशीर केला तर ओरडते पण. आमच्या ताई मला ओरडल्यात, दूधपिशवी न धुता दिली म्हणून. वास येतो, भाव कमी येतो, धुवायला काय होतं तुम्हाला. मला ते ओरडणं फार आवडतं, कारण ज्याचा माल त्यालाच त्याची किंमत कळते.

आता यात हवामानाचा काय संबंध असं विचाराल तर, सगळाच आहे. ओला कचरा डेपोतल्या कचऱ्याच्या डोंगरात दबला की आत हवा नसते, तो तसाच कुजतो आणि मिथेन तयार होतो, जो 20 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 80 पट तापवतो. कोल्ड्रिंकचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन परत वितळवून वापरला तर खनिजापासून नवीन धातू बनवण्याच्या मानानं 95 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाचते. हे काम पुण्यात कुठलंही मशीन येण्याच्या आधीपासून या बायका हातानं करताहेत, कुठल्याही कार्बन क्रेडिटशिवाय, आणि शहराचा कचरा वाहून न्यायचा खर्च वाचवताहेत तो वेगळाच.

आणि आपण नीट वेगळं केलं नाही की ते जातं कुठं हे पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांच्या लोकांना विचारा. वर्षानुवर्षं अख्ख्या शहराचा मिसळलेला कचरा तिकडे टाकला, विहिरींचं पाणी गेलं, टँकर सुरू झाले, कचऱ्याला आगी लागल्या. लोकांनी गाड्या अडवल्या, एकदा नाही अनेकदा, तेव्हा कुठे पेठांमध्ये आणि कोथरूडात कचरा साठल्यावर आपल्याला प्रश्न कळला. तेव्हाचा पेपरातला सूर मला आठवतोय, गावकऱ्यांनी पुणेकरांना वेठीला धरलं असा. कुणी कुणाला धरलं होतं देव जाणे.

सॅनिटरी पॅडचा मुद्दा तर मला सगळ्यात भारी वाटतो. वापरलेली पॅड उघडी कचऱ्यात, ती हातानं वेगळी करायची, विकायला शून्य किंमत आणि आजाराची भीती. या बायकांनी दोन गोष्टी केल्या. लोकांना सांगितलं की कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही. साधी गोष्ट, एका स्केचपेनचं काम. आणि दुसरं, 2013 मध्ये महिला दिनाच्या सुमारास वापरलेली पॅड पिशव्यांमध्ये भरून बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवली. तुमचा माल, तुम्ही बघा! नफा तुमचा आणि घाण आमच्या हातात असं का, हा प्रश्न इतका थेट मी कुठल्या परिषदेत ऐकला नाहीये. 2016 च्या घनकचरा नियमांमध्ये कंपन्यांनी पॅडबरोबर विल्हेवाटीसाठी पाऊच द्यावं हे आलं, आणि कचरा वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या हेही आलं. प्रत्यक्षात किती पाळलं जातं ते पाकीट उघडून तुम्हीच बघा.

कागदावर सामावून घेतलंय, पण स्वच्छचा महापालिकेशी असलेला करार संपत आला की दर वेळी तेच सुरू होतं. छोटी छोटी मुदतवाढ, मधेच ठेकेदाराची चर्चा, मोठ्या गाड्या, जीपीएस. बायका मोर्चे काढतात, नागरिकांच्या सह्या गोळा करतात, परत थोडे दिवस निभावतं. ठेकेदाराला वजनावर पैसे दिले की त्याला कचरा कमी करण्यात काडीचाही रस नसतो, उलट जितका जास्त तितका चांगला. वेचणाऱ्या बाईचं बरोब्बर उलट, ती डेपोकडे जाणाऱ्या प्रत्येक किलोतून काढता येईल ते काढते कारण तिचं पोट त्यावर आहे. एवढं साधं गणित टेंडर काढणाऱ्यांना कसं कळत नाही, की कळतं म्हणूनच, कोण जाणे.

आमच्या ताईंना मी विचारलं होतं की तुम्हाला काय हवं. मला वाटलं हातमोजे, रेनकोट म्हणतील. त्या म्हणाल्या, "ताई, जागा. रस्त्यावर बसून मी माल वेगळा करते, एप्रिल-मेमध्ये डांबर तापलेलं असतं, पावसात पुठ्ठा भिजला की मातीमोल. सावलीची जागा आणि एक नळ द्या, सत्कार ठेवा तुमच्याकडेच." महिला दिनाला त्यांना शाल-श्रीफळ देणारे बरेच जण आहेत, पाच बाय सातची पत्र्याची शेड द्यायला मात्र कुणाला जागा सापडत नाही.

तर आमच्या सोसायटीच्या पुढच्या मिटिंगला मी दोन विषय टाकलेत. एक, सुका कचरा ताईंचाच, कुठल्याही अ‍ॅपला द्यायचा नाही. दुसरा, मागच्या गेटपाशी जिथं दोन बंद पडलेल्या स्कूटर कित्येक वर्षं उभ्या आहेत ती जागा सकाळी तीन तास त्यांना वर्गवारीसाठी. ग्रुपवर लगेच प्रश्न आला की वास येणार नाही का. ओलं-सुकं वेगळं दिलंत तर नाही येणार, असं मी लिहिलंय. स्कूटर कुणाच्या आहेत ते अजून कुणी कबूल करत नाहीये.