मोहिनीची कमलाबाई

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात आज सगळ्यांच्या तोंडी ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमात पुरुष असून तारामती झालेले अण्णा साळुंखे. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्रींपैकी एक असलेल्या कमलाबाई गोखल्यांचं नाव कुणी घेईना. मनाला फार लागलं.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके नाशकात आले आणि इथेच ‘मोहिनी भस्मासुर’ केला. कमलाबाई मोहिनी, त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. लेक जेमतेम तेरा वर्षांची!

रंगभूमीवर कमावलेला गळा मूकपटात निरुपयोगी, सगळी भिस्त डोळ्यांवर आणि हातांवर. त्यातही तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. कुंकू, ओठांची लाली काळी उमटायची. कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ चौकटी. हँडल मंदावलं की पडद्यावर नाच भरभर व्हायचा.

विक्रम गोखल्यांची ही आजी. नाशिककरांनी तरी पोरांना सांगा.