आत्या, इरकल आणि हिरवी हनुवटी

चित्रात खणाची चोळी रंगवायला घेतली की पहिला मोह होतो तो बुट्ट्या मोजायचा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण तो. बोटाच्या पेराएवढ्या जागेतही नक्षी दाटलेली. ती एकेक करून चितारत बसलं की चोळी भिंतीवरच्या कागदासारखी सपाट होते आणि आत खांदा आहे हे कुणाला कळतच नाही.

म्हणून आधी चोळी बिननक्षीची रंगवायची. एकाच रंगात उजेड, सावली, काखेतल्या चुण्या. हा थर वाळला की वर बुट्ट्या. चुणीत शिरताना बुट्टी अर्धी गडप होते, दंडावर वळताना आकसते, सावलीत तिचा पांढरा जांभळट होतो. एवढं सांभाळलं तर नक्षीच अंगाचा गोलावा सांगते. गळ्याजवळ ती स्वच्छ ठेवावी, खाली येता येता विरू द्यावी. नाहीतर बघणारा चोळीच बघत बसतो. अबोलीच्या गजऱ्याचंही तेच. चपट्या ब्रशने फिकट केशरी ठिपके, मधे गडद फटी, कडेच्या दोनतीन पाकळ्या तेवढ्या नीट. बाकीचा गजरा बघणाऱ्याचा डोळा ओवतो.

खरी मजा हनुवटीखाली आहे. आत्या खिडकीशी बसली होती, अंगावर हिरवं इरकल. उन्हात पदराचा हिरवा उजेड थेट तिच्या गळ्यावर चढलेला. मी तिथे बिनधास्त हिरवा लावला. कातडीच्या रंगाची ठरावीक ट्यूब पिळून जे कधी येत नाही, ते त्या एका फटकाऱ्याने आलं. आत्याची मान जिवंत झाली.

आत्याने चष्मा लावून पाहिलं. "हनुवटीला शेवाळ आलंय का गं माझ्या?"

मग मी तिला फ्रेंच चित्रकार आंरी मातिसची गोष्ट सांगितली. विणकरांच्या बोएँ गावात वाढलेला माणूस, जन्मभर नक्षीची कापडं जमवत राहिला. त्याच्या चित्रांत पुष्कळदा कापडच माणसापेक्षा भाव खातं, आणि मला ते मनापासून आवडतं. त्याने १९०५ साली बायकोचं चित्र काढलं, तेव्हा तिच्या चेहऱ्याच्या मधोमध सरळ हिरवा पट्टाच ओढला. पुढे ते जगभर गाजलं.

आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गजरा चाचपला. म्हणाली, "गाजलं ते ठीक. बायको काय म्हणाली?"