पिशवीच्या तोंडाशी पंधरा वर्षं

माझं काम सायटोलॉजीचं. पॅप स्मिअरच्या स्लाइड बघायच्या: गर्भपिशवीच्या तोंडावरून ब्रशने अलगद घेतलेल्या पेशी, रंगवून काचेवर पसरलेल्या. बहुतेक स्लाइडमध्ये काही नसतं, आणि तेच हवं असतं. मधेच एखाद्या पेशीवर नजर अडते. केंद्रक फुगलेलं, गडद, कडेने मनुकेसारखं सुरकुतलेलं. त्याभोवती रिकामं, पांढरं वलय, बाहेरची कड ठसठशीत. ही कोइलोसाइट. इथे एचपीव्हीचं, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचं, बिऱ्हाड आहे.

हा विषाणू बारीकशा ओरखड्यातून त्वचेच्या तळाच्या थरात शिरतो. स्वतःच्या प्रती काढायची यंत्रणा त्याच्याकडे नाही, ती पेशीची वापरायची. पण पेशी वरच्या थरांकडे सरकल्या की विभाजन थांबवतात. मग तो दोन प्रथिनं कामाला लावतो. ई-७ विभाजन रोखून धरणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. ई-६ हे पी-५३ ला नष्ट करतं. डीएनएत बिघाड झालेल्या पेशीला थांबवायचं, नाहीतर मरायला लावायचं, हे पी-५३ चं काम. विषाणूला एवढंच हवं असतं: प्रती निघाव्यात, पेशी झडावी, पुढच्या माणसाकडे जाता यावं.

बहुतेक बायकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत जातो. कळतही नाही. काहींच्या मात्र ठाण मांडतो, विशेषतः १६ आणि १८ हे प्रकार. अशा पेशींत कधीकधी विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात जोडला जातो. तुटताना बहुधा ई-२ हे जनुक जातं, आणि ई-६, ई-७ ला आवर घालणारं तेच होतं. पुढे पेशी वाढत राहते, बिघाड साचत जातात. अशी पेशी नवे विषाणूही बनवत नाही. कॅन्सरमधून विषाणूला काहीच मिळत नाही! बाई जाते ती कुणाच्याच उपयोगाच्या नसलेल्या गोष्टीपायी. हे मला फार लागतं.

हाच कॅन्सर झालेल्या हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतून १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांत एचपीव्ही-१८ ची ती दोन प्रथिनं अजून तयार होताहेत. ती बंद पाडली की पेशींची वाढ थांबते.

पण विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढा वेळ आपल्या हातात असतो, आणि तो वापरला तर काय होतं हे आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, दिसलं. १९९९ पासून तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका एका अभ्यासात होत्या. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी झाली, तीही एकदाच, त्यात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. नेहमीचीच आरोग्यसेवा मिळालेल्या गटात ६४. हा गट उलट थोडा लहानच होता.

तरी बायका येतात त्या पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं की. अंगावरून पांढरं जातंय हे सांगायलाही लाज. त्यात रिपोर्टवर ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ आलं की घरात आधी तिच्या चारित्र्याची चौकशी. अहो, शरीरसंबंध आलेल्या बहुतेकांना हा विषाणू आयुष्यात कधीतरी गाठतोच. वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यामुळे कुणाकडून आणि कधी आला हे कुठलीच तपासणी सांगत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरही नव्हे. पुढची तपासणी करायची, बस.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली. तिच्यात १६ आणि १८ दोन्ही आहेत. नऊ ते चौदा वय सगळ्यांत चांगलं. लस झाली म्हणून तिशीनंतरची तपासणी मात्र सुटत नाही, कारण कॅन्सर करणारे सगळे प्रकार लशीत नाहीत. आणि घरातल्या आई, काकू, जाऊ यांचं लशीचं वय गेलेलं असतं, त्यांना तपासणीलाच न्यायला हवं.