होडीसाठी उबदार वर्कशॉप: माझा अनुभव

लाकडी होडीचं काम हिवाळाभर बंद ठेवायची माझी तयारी नव्हती. शेड होती, पण पत्र्याची. बाहेर पाणी गोठलं की आतल्या बादलीतलंही गोठायचं. करवत आणि रंधा थंडीत चालतात, स्वेटर घातला की माणूसही चालतो. काम अडतं ते इपॉक्सीपाशी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून केलेल्या गोंदापाशी. तापमान दहा अंशांनी उतरलं की ती घट्ट व्हायला साधारण दुप्पट वेळ लागतो, आणि पाच अंशांच्या खाली बहुतेक प्रकार धड घट्ट होतच नाहीत. फास्ट हार्डनर घेऊन थोडंफार निभावतं, पण लाकूडच गार असेल तर तोही फार काही करू शकत नाही.

ज्याला त्याला एकच प्रश्न: हीटर कुठला घेणार? मी मात्र आधी भिंतींकडे वळलो. पत्र्याला आतून फोमच्या शीट, त्यावर प्लास्टिकचा जाड कागद, वर प्लायवुड. प्लास्टिक उबदार बाजूलाच हवं. नाहीतर आतली दमट हवा फोमच्या फटींतून गार पत्र्यापर्यंत पोचते आणि तिथे तिचं पाणी होतं. फोम उघडा सोडायचा नाही, तो झटकन पेट घेतो. जमिनीवरही फोम आणि प्लायवुड टाकलं. काँक्रीटवर उभं राहून पाय बधिर झाले की हात नीट चालत नाहीत.

मग हीटर. गॅसचा हीटर शेड झटपट तापवतो, म्हणून मोह होतो. पण धुराडं नसेल तर एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ खोलीतच सोडतो. दमट, गार हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय इपॉक्सीचा पुढचा हात, म्हणजे लेप, धरत नाही, आणि नुसता सँडपेपर मारला तर कागदच भरून जातो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, आणि भुसा व थिनरच्या वाफांच्या शेजारी उघडी ज्योत! विषय तिथेच संपला. थर्मोस्टॅटचा ऑइल हीटर आणला.

खरी गंमत पुढे. भिंतीवरचा थर्मामीटर अठरा दाखवत होता, पण होडीच्या कण्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला तर जेमतेम नऊ! हवा लवकर तापते, जाड लाकूड नाही. तेव्हापासून भिंतीवरच्या आकड्याकडे मी फारसं बघत नाही. सांगाड्यावर प्लास्टिकचा तंबू टाकला, प्लास्टिकपासून लांब राहील असा हीटर खाली ठेवला, आणि चिकटवायच्या आदल्या रात्रीपासून लाकूड मुरू दिलं. तंबूत वीस अंश असले की बाकीची शेड दहावर राहिली तरी चालतं. रेझिनचे डबेही तंबूतच.

उघड्या लाकडावर इपॉक्सीचा पहिला हात देताना मात्र उलटं करायचं. लाकूड तापत असताना त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि थरभर बुडबुडे उठतात. म्हणून आधी नीट तापवायचं, हीटर कमी करायचा आणि लाकूड निवत असताना हात मारायचा. तोपर्यंत घट्ट होण्याइतकी ऊब शिल्लक असते.

आर्द्रतामापक मी हीटरइतकाच जरुरीचा मानतो. वीस अंशांना पन्नास टक्के आर्द्रता असेल तर लाकडातला ओलावा नऊ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, आणि चिकटवायला तो उत्तम. कडक थंडीत बाहेरची हवा आत येऊन तापली की फार कोरडी होते. गोंदावरच्या होडीला त्याचा फारसा त्रास नाही, पण फळीला फळी भिडवून सांध्यात दोरा ठासायचा असेल, तर अति सुकलेल्या फळ्या पाण्यात गेल्यावर बेसुमार फुगतात.

फासळ्या वाकवायची वाफेची पेटी या सगळ्या हिशोबात बसेना. इंचभर जाडीला तासभर वाफ, म्हणजे आतली हवा ओलीचिंब. शेवटी पेटी बाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि भिंतीत एक झडप केली. फासळी झडपेतून थेट होडीपाशी ओढता येते. वाकवायला हातात काही सेकंदच असतात, तेवढ्यात क्लॅम्प लावून होतो आणि झडप लगेच बंद करता येते.